न आलेल्या होडीचा रकाना

बर्फाच्या कारखान्यावरची खोली. खाली लादी फुटते
तेव्हा माझं टेबल थरथरतं.
हर्णैच्या बंदरावर बसून मी एक भाषा दुरुस्त करते आहे.
बोलायची नव्हे, यंत्राला सांगायची.
तिच्या इंटरप्रिटरला मी दुभाष्या म्हणते,
आणि दुभाष्याला अजून
आपल्या बाजूचं नीट ऐकू येत नाही.

पहिली तक्रार जैनुद्दीन सोलकरांची.
सोसायटीचे हिशेबनीस; एक पेन्सिल कानावर, दुसरी खिशात.
त्यांनी पावती पुढे धरली.
नावाला सहा घरं दिली होती मी, पुरतील म्हणून.
छापून आलं होतं: जैनुद्
पुढचं कापलेलं, आणि द पाय मोडून बसलेला.
"माझा पाय शाबूत हाय गो," ते म्हणाले,
"तुझ्या यंत्राला सांग."

यंत्राला विचारलं, या नावात अक्षरं किती?
नऊ, म्हणालं.
मात्रा वेगळी मोजली, उकार वेगळा, वेलांटी वेगळी,
द-ला द बांधणारी ती न दिसणारी कडीसुद्धा
एक डोकं म्हणून मोजली.
अंगणवाडीतलं पोर टाळ्या वाजवत सांगेल:
जै, नु, द्दी, न.
जाळ्याची आस मोजतात, सुताचे पीळ नाही.
तीन रात्री गेल्या मजकुराचा प्रकार उसवून पुन्हा विणण्यात.
आता जोडाक्षर मधून तुटत नाही.

दशांशाचं भांडण कुंदा पावसेंशी झालं.
एक किलो शंभर आणि दोन किलो दोनशे,
त्यांची बेरीज तोंडी झाली, तागडी स्थिर व्हायच्या आत.
दुभाष्याची झाली तीन पूर्णांक तीन,
आणि चौदा शून्यांपलीकडे, पार खोल समुद्रात,
आणखी एक तीन.
"ही जवळ्याची मिशी कुणाच्या टोपलीत टाकू?"
मी सांगू लागले, यंत्र आतून दोनावर मोजतं,
दहावा भाग त्याला कधीच पुरा...
त्या बांगडे उलटत राहिल्या.
नवा दशांश लिहिला. हळू चालतो, खरं बोलतो.

पण झोप उडवली ती शून्यानं.

संध्याकाळचा लिलाव, बैल पोटापर्यंत पाण्यात.
'नवलाई' आली, जाळ्यात नुसती जेली.
तिच्यापुढे शून्य.
'अल-बरकत' आली नव्हती. तिच्यापुढे काही नाही.
माझ्या दुभाष्याला दोन्ही सारखंच, दोन्ही खोटं.
त्यानं दोघींना ओलांडून बेरीज केली,
खाली रेघ मारली आणि छापलं:
सर्व होड्यांचा हिशेब लागला.

सोलकरांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.
"रिकामी आली ती शून्य.
नाय आली ती शून्य नाय."
कानावरची पेन्सिल काढली, परत तिथेच ठेवली.
'अल-बरकत'वर त्यांचा मेव्हणा तांडेल आहे
हे मला बर्फवाल्यानं सांगितलं, नंतर.

त्या रात्री मूळ प्रकारांच्या यादीत मी एक वाढवला.
नाव ठेवलं: वाट.
तो शून्याशी तुलना करू देत नाही.
बेरजेत आला तर बेरीज तिथेच थांबते.
खरं की खोटं विचारलं तर गप्प राहत नाही,
ओळ दाखवतो, रकाना दाखवतो.
जुने प्रोग्रॅम यानं मोडणार, मला माहीत आहे.
मोडू देत.

सुवर्णदुर्गाच्या तटाला उजेड लागला तेव्हा
चाचण्या अजून चालू होत्या.
सोलकर जिना चढून आले, न बोलावता.
नवा कागद डोळ्यांजवळ धरून वाचला.
सगळ्यात खाली: बेरीज अपूर्ण, अल-बरकत.
त्याखाली त्यांचं नाव, चारही अक्षरं धडधाकट.

"आता बरोबर छापलंस," म्हणाले.
मग, दाराशी वळून: "हे हळू चालतंय काय गो?"
मी म्हटलं, हो, थोडं.
"असू दे."
आणि जेटीकडे गेले.